भट्टीची बंद खिडकी

अण्णा, तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. तुम्ही घडवलेली सांडशी आमच्या उस्मानपुऱ्यातल्या स्वयंपाकघरात अजून आहे आणि काही केल्या मोडत नाही. तिच्या पकडीत आजवर चार पातेल्यांचे काठ चेपले. तुमची सून म्हणते, "मामंजींनी ही बैलाचं नाक धरायला केली असंल." गुलमंडीच्या बाजारात हलकी, नवी मिळते; पण जुनी धडधाकट असताना नवी आणावी कशी, या धर्मसंकटात मी कैक वर्षं आहे.

लिहायला बसलो मात्र वेगळ्याच कामानं. कॉलेजात संस्कृत शिकवून उरल्या वेळात मी भाषांतरं करतो. सध्या हातात आहे तो अमेरिकेतल्या एका फार जुन्या लोहारभट्टीचा इतिहास, गोऱ्यांनी तिकडं नव्यानं वस्ती केली त्या काळातला. कोळशासाठी तोडलेलं आख्खं रान, ओढ्याकाठी भट्टी, पाण्याच्या चाकावर उचलला जाणारा घण. घणाला त्यांनी ओढा जुंपला, अण्णा. तुम्ही आईला जुंपलंत. मालकाचं नाव पानोपानी येतं, घणाखाली लोखंड फिरवणाऱ्याचं एकदाही नाही. त्याच्याबद्दल एवढंच, की तो काम करायचा तिथं खिडकी नव्हती, "बिचाऱ्यांना उजेडाची किंमत ठाऊक नसावी." त्या वाक्याशी मी अडलो.

खुलताबादची आपली भट्टी. मी सतरा वर्षांचा, परीक्षा तोंडावर, घरात पाहुणे, म्हणून तुमच्या पाठीमागं बसून शब्दरूपं घोकतोय. अक्षर दिसेना तशी मी ती कायम बंद असलेली खिडकी उघडतो. दुपारचं ऊन थेट विस्तवावर पडतं. तुम्ही कुऱ्हाड तापवताय. उन्हात लोखंड अजून काळपटच वाटतं, म्हणून भाता चालू ठेवता. बाहेर काढता तेव्हा पात्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात. पातं जळालेलं असतं.

"काय मिस्त्री," समोर बसलेला शेतकरी म्हणतो, "कुऱ्हाड सांगितली हुती, चाळणी नाय."

"खिडकी कुणी उघडली रं?"

"मी."

"उन्हात लोखंडाचा रंग दिसतो व्हय? म्हणून तर बंद ठिवतो." मग त्याच्याकडं वळून, "चूक माझी हाय. परवा या, दुसरी देतो."

मला वाटलं, रात्री चामडी लोळवाल. तुम्ही आठवड्यानं स्वयंपाकघराची भिंत फोडलीत आणि स्वतः घडवलेले गज लावून मला खिडकी करून दिलीत. आई एवढंच म्हणाली, "माझ्या धुरासाठी इतक्या वर्षांत नाय सुचलं. पंडिताला लगेच."

तर त्या वाक्याखाली मी टीप दिली: अंधार मुद्दाम राखलेला असतो, तापल्या लोखंडाचा रंग ओळखता यावा म्हणून. संपादक बाईंचा फोन आला.

"सर, टीप छान आहे. संदर्भ कोणता?"

"माझे वडील."

"त्यांचं पुस्तक आहे का?"

"नाही. कुऱ्हाडी आहेत."

त्या हसल्या, पण सोडेनात. "नुसतं वडील म्हणायचे, एवढ्यावर नाही ठेवता येणार. कोणता रंग आला की लोखंड बाहेर काढायचं, तेवढं नेमकं लिहा. मग ठेवू."

उद्यापर्यंत द्यायचंय. संस्कृतात तांबड्याच्या छटा किती, मला सगळ्या पाठ आहेत. तुमची कोणती, ते ठाऊक नाही. खुलताबादला जाऊन आलो. तुम्ही गेल्यावर आपल्या ओळीतली शेवटची भट्टीही बंद झालीय, विचारावं असं माणूस उरलेलं नाही. टीप गळली तर ते वाक्य तसंच छापलं जाईल, आणि त्या बिचाऱ्यांत तुम्हीही जाल. अंदाजानं एखादा रंग लिहून टाकला, तर पकडणारं कुणी नाही, म्हणून कदाचित लिहीनही. पण खंत वाटते ती वेगळीच. सतरा वर्षं तो रंग रोज माझ्यापासून चार हातांवर होता, अण्णा, आणि मी एकदाही मान वर करून बघितलं नाही.