ओट्यावर चढलेला दगड

मंगळवार, १४ फेब्रुवारी १९८४

चूक कॉम्प्युटरची नव्हती. आमचे सर्व्हेअर मेश्राम आज उमरेड रस्त्यावर जाऊन खात्री करून आले. तीन दिवस मी उगाच प्रोग्राम तपासत बसलो. नकाशात वाटेतल्या एका गावापासून पुढची सगळी जमीन एकदम दोन फूट खाली दिसत होती, म्हणून रस्त्याला तेवढा भराव येत होता. तसाच बांधला असता तर पावसाचं पाणी थेट लोकांच्या घरात!

उंची मोजायला डिसेंबरात आम्ही एका दगडावर लाल खूण केली. जानेवारीत पुढची मोजणी त्याच दगडावरून सुरू केली. मधल्या काळात गावाने त्याला शेंदूर लावून ओट्यावर बसवलं होतं. मेश्रामांनी विचारलं, तर एक म्हातारी म्हणाली, "देवाले मातीत काहून ठेवाचं गा? रंग तं पहिले तुम्हीच लावला!"

दोन फुटांचा ओटा. एवढं मला का सुचू नये? मेश्राम म्हणतात, "साहेब, शेंदूर तर मी जानेवारीतच पाहिला होता. हात जोडले अन् मोजत राहिलो."

उद्या सकाळी ते जुन्या पुलाच्या कठड्यावरून पुन्हा उंची घेतील. आकडे जुळले की नकाशातला भराव निघेल, आणि शुक्रवारच्या मुदतीत नकाशे जातील. घरांचे उंबरे रस्त्याच्या वरच राहतील.