मागे बघणारा पोपट

प्रिय मथुरा,

तांदळाच्या डब्याचं झाकण मी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं आणि आतली बाई कन्नडात सांगत होती की आता ठिपके जोडा, हात हलका ठेवा. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी. त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. डब्यातली बाई म्हणाली, शाब्बास. हे म्हणाले, 'तांदूळ कुठल्या दुकानातून आणलेस?'

ही कालची गोष्ट. फोनवर सांगितली असती, पण तू फोनवर नुसती सरी, सरी, बरं, बरं म्हणतेस आणि तू ऐकलंस की नाही ते मला कळत नाही. शिवाय या कामाला फोन चालत नाही, असं यांचं म्हणणं. कागद लागतो. कुठलं काम ते येईलच पुढे. आधी डब्याचं सांगते.

डब्यात टॅब्लेट होता. शाळेतल्या पाटीएवढा, काळा, पातळ. देवव्रतनं दिवाळीला आणून दिला. सर्जापूर रोडवरून होसकोट्याला यायला त्याला हल्ली इतका वेळ लागतो की तू सोंडूरहून लवकर पोचशील. म्हणून निदान नातीचा चेहरा रोज दिसावा, असा त्याचा विचार. टॅब्लेट सुरू करून त्यानं यांच्या हातात दिला. त्यावर एक लांबलचक मजकूर आला आणि खाली एक चौकट, 'मला मान्य आहे'. तिथे बोट टेकवलं की झालं. यांनी बोट मागे घेतलं. म्हणाले, 'काय मान्य आहे?' देवव्रत म्हणाला, 'अप्पा, ती फॉर्मॅलिटी असते. कोणी वाचत नाही ते.' हे म्हणाले, 'म्हणूनच तर त्यात लिहितात.'

आता या माणसानं जन्मभर सब-रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर बसून लोकांची खरेदीखतं लिहिली. न वाचता सही केलेल्यांची घरं जाताना पाहिली. तुला आमचं लग्न आठवतं का? प्रत्येक मंत्राचा अर्थ विचारून घेतल्याशिवाय नवरा पुढे जाईना. भटजी घामाघूम. पंगत निवली. तू भुकेनं रडलीस आणि खंडोजीमामानं तुला आधीच जेवायला बसवलं. तोच हा माणूस. यांनी तो सगळा मजकूर झेरॉक्सच्या दुकानात छापून आणला. उशीएवढा गठ्ठा झाला. भिंग आणि लाल पेन्सिल घेऊन वाचायला बसले, आणि वाचून होईपर्यंत टॅब्लेट खोक्यात घालून कपाटात, आपल्या घराच्या कागदांशेजारी. खोक्यात घालण्याआधी त्याच्या कॅमेऱ्यावर माझी एक टिकली चिकटवली. तो आपल्याला बघतो, म्हणाले. टिकली लावल्यावर तो दाखवायला बसवलेल्या मुलीसारखा दिसत होता.

मग रोज जेवताना मला निकाल ऐकवायचे. तो आपलं बोलणं ऐकू शकतो. आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. उद्या भांडण झालं तर खटला समुद्रापलीकडच्या कोर्टात चालणार, तुला चालेल? मी म्हटलं, माझे गुडघे बसस्टँडपर्यंत चालत नाहीत, समुद्राचं काय घेऊन बसलात. हे म्हणाले, हाच मुद्दा आहे, आणि गठ्ठ्यावर लाल खूण केली.

गुडघ्यांचं तुला ठाऊक आहे. दोन वर्षं झाली, मला दारात बसून रांगोळी काढता येत नाही. बसले तर उठता येत नाही. रत्नाबाईनं चिकपेटेतून एक प्लास्टिकचा स्टिकर आणून दिला, आठ पाकळ्यांचं कमळ, आणि तो मी पायरीवर चिकटवला. रोज त्यावरून फडकं फिरवायचं. दारात रांगोळी आहे की नाही, तर आहे. पण सकाळी उठून बोटांना काही काम नाही. तुझ्या दारात आता कस्तुरी काढते म्हणालीस. सून हौशी आहे, चांगलं आहे.

हे दुपारी कचेरीकडे जातात. काम नसतं, पण जुने लोक भेटतात. अशा एका दुपारी मी कपाट उघडलं, खोकं काढलं आणि 'मला मान्य आहे'वर बोट टेकवलं. वाचलं नाही. लग्नातही वाचलं नव्हतं. रिकाम्या खोक्यात न्हाणीघराची एक उरलेली फरशी पंच्यात गुंडाळून ठेवली, वजन बरोबर झालं. हे रोज सकाळी कपाट उघडून खोकं जागेवर आहे का बघायचे आणि समाधानानं वाचायला बसायचे. टॅब्लेट तांदळात.

मथुरा, तो काय करतो तुला सांगू? मी खुर्चीवर बसते. पाय स्टुलावर. बोटानं ठिपका दिला की ठिपका पडतो. रेघ चुकली तर पुसली जाते, पदराला डाग नाही. अक्षर मोठं होतं. नात सौम्यानं मला त्यावरच एका ठिकाणी पोचवलं, तिथे बायका रोज आपापली रांगोळी टाकतात, कोणी म्हैसूरची, कोणी सोलापूरची. ज्या बाई शिकवतात त्या दावणगेरेच्या आहेत, आवाज जरा मोठा. मी रोज एक काढून टाकायचे. नाव फक्त 'एस'. लोकांना आवडायच्या. एकीनं लिहिलं, एस, तुमचा हात जुना वाटतो. मी दिवसभर खूश होते. यांनी वरणात मीठ नाही म्हटलं तरी मी काही बोलले नाही.

संक्रांतीला मी पोपट टाकला. आपला. मागे बघणारा.

तो सगळ्यांत जास्त आवडला लोकांना. मग मी ते विसरून गेले. आणि गेल्या महिन्यात रत्नाबाई आली हळदीकुंकवाला. दारातूनच ओरडली, 'अय्यो श्यामलाक्का, स्वल्प माझी पाठ बघा!' आणि वळली. ब्लाउजवर पाठभर पोपट. हिरवा, लाल चोचीचा, जरीच्या कडेचा. मान वळवून स्वतःच्या शेपटीकडे बघणारा. ती पाठ तू पाहिली आहेस, त्यामुळे पोपटाचा आकारही तुझ्या लक्षात येईल. म्हणाली, 'नवीन डिझाइन आहे. दुकानदार म्हणाला त्याच्या आर्टिस्टनं काढलंय. ब्लाउजपीस संपत आलेत, तुमच्यासाठी ठेवायला सांगू का?' हे समोरच खुर्चीत गठ्ठा वाचत बसले होते. मी काय बोलणार? माझा पोपट चोरला म्हणायचं, तर तो कुठून चोरला ते सांगावं लागणार. मी रत्नाबाईला कॉफी दिली. ती भांडं ठेवायला आत गेली तेव्हा पोपट माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेला.

त्यानंतर मला तो सगळीकडे दिसायला लागला. देवळात एक पाठ, भाजीवाल्यापाशी एक पाठ. एका मुलीच्या पाठीवर शिंप्यानं तो उलटा लावला होता. मला झोप लागेना. चिडले होते, आणि चिडून उपयोग नव्हता. घरात कायद्याचा माणूस बसलेला, आणि त्यालाच सांगता येत नाही.

तर काल हे लवकर परत आले आणि तांदूळ बोलला. मी झाकण सोडलं. टॅब्लेट काढला, पुसला, टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, फरशीसकट. हे कपाटाकडे गेले, खोकं उघडलं, पंचा सोडला, फरशीकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता महिनाभर अबोला. परत आले आणि विचारलं, 'मान्य आहे कोणी दाबलं?' मी म्हटलं, मी. 'माझं नाव कुठे दिलंस?' नाही, म्हटलं. यांचा चेहरा उजळला. म्हणाले, 'मग करार तू केलास. मी पक्षकार नाही. मी वापरला तर तुझा पाहुणा म्हणून वापरीन.' तेव्हापासून बोट लावायच्या आधी माझी परवानगी मागतात. दर वेळी. मी हो म्हणते, मग चष्मा पुसतात.

पोपटाचं ऐकल्यावर तर छत्री कोपऱ्यात ठेवायचं भान राहिलं नाही. ती रांगोळीची जागा जे चालवतात त्यांच्या अटी काढ म्हणाले. मी काढल्या. भिंग घेऊन वाकले, तेव्हा मी त्यांना दोन बोटांनी अक्षर मोठं कसं करायचं ते दाखवलं. मथुरा, इतके महिने या माणसानं भिंगानं वाचलं. यांनी 'परंतु' हा शब्द पुरीएवढा केला. मग परातीएवढा. मग काही न वाचता नुसताच लहान-मोठा करत बसले. शेवटी भानावर आले आणि वाचलं आणि ते वाक्य सापडलं. तुम्ही काढलेलं तुमचंच राहील, आम्ही फक्त दाखवू. मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाले, 'म्हणजे दाखवायचा हक्क त्यांना दिलास. छापून विकायचा दुकानाला कोणी दिला? कोणी नाही.' मी म्हटलं, दुकानदार म्हणेल पोपट कोणीही काढतं. हे म्हणाले, 'पोपट कोणीही काढतं. असा नाही. बरोबर काम दोघांच्या हातून सारखं होऊ शकतं, श्यामला. चूक सारखी होत नाही. ती वाकडी मान हाच पुरावा.'

लगेच मसुदा करायला बसले. सही वकिलाची लागेल, पण मसुदा माझा, म्हणाले. मागणी काय करायची, तर छापणं थांबवा आणि डिझाइन कोणाचं ते दुकानात पाटी लावून सांगा. मी दोन वेळा कॉफी केली. इतकं सुंदर अक्षर मी यांचं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मग कागद माझ्यापुढे ठेवला. पहिलंच वाक्य होतं, सदर नक्षी मी स्वतः, स्वतःच्या कल्पनेने, प्रथम निर्माण केली. खाली माझं नाव, सहीची जागा. टॅब्लेटवर मी न वाचता बोट टेकवलं होतं. हे वाचलं, आणि पेन टेकवता येईना.

यांनी विचारलं, काय चुकलं? मी म्हटलं, चूक माझी नाही. म्हणजे ती वाकडी मान. ती मथुरेची आहे.

तेव्हा तू किती असशील, दात पडायच्या वयाची. संक्रांतीची सकाळ होती. आईनं ठिपके घालून दिले आणि तुला राहवलं नाही. मानेतला एक ठिपका तू सोडलास. चोचीला पुढे जायला जागा उरली नाही, म्हणून तू ती मागे वळवलीस. मी मोठी, मी हसले. खंडोजीमामा हसला. आई तेवढी हसली नाही. म्हणाली, असू दे, त्याचं काहीतरी मागे राहिलं असेल, बघतोय. पुढे तू दर वर्षी तसाच काढलास, मुद्दाम, ठिपका सोडून. मी एकदा सरळ मानेचा काढून पाहिला. तो कोणाचाही पोपट झाला. लग्नानंतर तुझ्या दारात तो यायचा. श्रीहरीराव त्याला पाय लागू नये म्हणून परसातल्या दारानं जायचे, आणि तू त्यावरून चिडवायचीस त्यांना, की पोपटाला घाबरतात. ते गेल्यापासून तुझ्या दारात मी तो पाहिला नाही. कोणी तुला काही म्हणालं, की तूच ठरवलंस, मी विचारलं नाही. या संक्रांतीला टॅब्लेटवर बोट ठेवलं तेव्हा वाटलं, कुठेतरी तो असावा. एवढंच.

तर आता काम. सोबत यांनी केलेला कागद आहे. तू मला तुझा पोपट वापरायची परवानगी देतेस, असा. वाचून सही कर. नको असेल तर करू नकोस, मग पोपट रत्नाबाईच्या पाठीवर राहील आणि आपण दोघी बघत राहू. कागदाच्या शेवटी एक कलम आहे. मूळ कर्तीने सदर पोपट स्वहस्ते, घराच्या दर्शनी दारासमोर, दिवसाउजेडी, लोकांदेखत काढून दाखवावा. ते वाचून तुला वाटेल कायदा फार कडक आहे. कायदा तसं काही म्हणत नाही. हे म्हणाले, सही पुरेशी आहे, या कलमाची गरज नाही. मी म्हटलं, लिहा गरज आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गरज नसलेलं कलम लिहिलं. त्या कलमासाठी हे पत्र आहे. दार कोणाचं ते यांनी मोघम ठेवलं आहे. तुझं चालेल. तिथे जड जात असेल तर आमचं चालेल. ठिपके मी खुर्चीवर बसून सांगीन. तो एक सोडायचा, तो तू सोड.

तुझीच,
श्यामलाक्का

ता. क. पत्र रात्रभर टेबलावर होतं. आज सकाळी हे ते टाकायला निघाले आणि पायरीवर थांबले. चष्मा काढून खिशात ठेवला, खाली बसले आणि कमळाचा स्टिकर नखानं खरवडून काढला. जोर लावावा लागला. मग पायरी धुतली. हात ओले म्हणून पत्र माझ्याकडे परत दिलं. मीच टाकते आहे.