भोपळोजी अजून काशीच्या वाटेवर

वेस्ट मांबलम, चेन्नई
गुरुवार

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या वसंताचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही उभयता ठीक, म्हणजे घामात आहोत पण ठीक. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? (नसेल तर अलकनंदेचा मिऱ्यांचा काढा द्या. माझा तर त्याच्या नुसत्या वासाने थांबला.) पत्र लांबलं त्याला कारण एक लग्न. घाबरू नका, घरातलं नाही. भोपळ्याचं आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या 'मुक्काम मांबलम' मासिकाला यंदा पन्नास वर्षं झाली. शेवटच्या पानांवर सभासदांनी काढलेल्या चित्रकथा येतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मूळचे तंजावरचे वादिराज, त्यांचे भोपळोजी हवालदार. अड्यारच्या सरोजाबाई, त्यांची अदृश्य अंबूताई. आणि माझे सरदार झुरळराव. (झुरळराव सगळ्यांत जुने असं मी म्हणत नाही, जुने अंक म्हणतात.) यंदा ही मंडळी, शिवाय आजवरची झाडून सगळी किरकोळ पात्रं, एकाच महाकथेत आणायचं ठरलं. कथा लिहिण्याचं आणि शेवटचं पान काढण्याचं काम माझ्याकडे आलं. रविवारी प्रकाशन. उद्या अंक छापखान्यात गेला नाही तर पन्नाशीचा समारंभ नुसत्या भाषणांवर भागवावा लागेल.

आता इतकी पात्रं एका जागी जमवायची कशी? दुसऱ्यांची पात्रं जग वाचवायला जमतात. आपली माणसं लग्नाशिवाय जमत नाहीत. म्हणून मी भोपळोजी आणि अंबूताईचं लग्न ठरवलं, आणि तिथेच माझी अक्कल चरायला गेली.

कारण पुढच्याच बैठकीत वादिराज पंख्याखालची खुर्ची धरून बसले ते उठेनातच. मुलाकडचे ना ते! आणि सरोजाबाई (जन्मभर शाळेत पोरांना अंगठे धरून उभं करणारी बाई) पदर सावरून सगळ्यांना कॉफी देऊ लागल्या. कॉफी घेता घेता वादिराज म्हणाले, "अय्यो राव, मुलीस बघितल्याविना हो कसं म्हणायाचं?" आता अंबूताई पडली अदृश्य. इतक्या वर्षांत तिचा एक केस कुणाला दिसलेला नाही. तरी सरोजाबाईंनी मान तुकवून एक चौकट आखली, तिच्यात पाट काढला, पाटाच्या वर हवेत पोह्यांची बशी काढली आणि म्हणाल्या, "ही बघा." वादिराजांनी चष्मा पुसून पुसून बराच वेळ पाहिलं आणि रंग जरा सावळा आहे म्हणाले. सरोजाबाईंनी त्यांच्या हातातली कॉफी काढून घेतली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण वादिराजांकडे लग्नात रीत अशी, की नवरदेव ऐन वेळी 'मला संसार नको' म्हणत छत्री घेऊन काशीला निघतो आणि मुलीकडचे त्याला विनवून परत आणतात. वादिराजांनी हौसेने ते पानभर काढलं. भोपळोजी, खांद्यावर पंचा, डोक्यावर छत्री, मागे मांबलम स्टेशन. विनवण्याचं चित्र वधूपक्षाने काढायचं होतं. सरोजाबाई म्हणाल्या, "जाऊ दे काशीला, आमच्या मुलीला स्थळांचा तोटा नाही." दादा, तेव्हापासून तो भोपळा चालतोय.

शेवटी वादिराजांची नात हरिप्रिया मध्ये पडली. पेरुंगुडीला कॉम्प्युटरचं काम करते आणि अंकाची संपादकही तीच. तिने आजोबांना माफी मागायला लावली आणि तोडगा काढला, की शेवटच्या पानावर अंबूताईने स्वतःच हाक मारावी आणि खाली सगळ्यांची पंगत दाखवावी. दोन्ही पक्ष खूश. मग मला म्हणते, "अंकल, जेवणाच्या सीनमध्ये कॉक्रोच? प्लीज! त्याला सेकंड पंगतीत टाकू, ओके वा?" दुसरी पंगत अंकात दाखवायचीच नाहीये.

मला त्याचं काही नाही. पण दादा, बँकेने मला इथे पाठवलं तेव्हा ना भाषा येत होती, ना कुणी ओळखीचं होतं. झुरळराव छापून आले आणि त्या आठवड्यात भाजीबाजारात पहिल्यांदा मला कुणीतरी "काय सरदार!" म्हणून हाक मारली. मी दुकानाच्या आडोशाला जाऊन डोळे पुसले होते. त्याला पंगतीतून उठवलं तर मी कुठे बसायचं, एवढंच मला कळत नाही. शेवटचं पान त्यामुळे राहिलं आहे असं मात्र कुणी समजू नये.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा,
वसंत

ता. क. : मी रुसलेलो नाही. तरी पत्र मिळताच वादिराजांना फोन करा आणि वसंताला घरी जाऊन बोलवा, असं सहज म्हणा. तुम्हाला आपणहून सुचलं असं वाटलं पाहिजे.

पुन्हा ता. क. : त्यांनी रिकाम्या हाताने येऊ नये, हेही सुचू द्या. नारळ चालेल. पान तयार आहे, गादीखाली आहे.

दादा, नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी लिहिते. हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत रविवार उलटून जाईल, हे ह्यांच्या लक्षात आलेलं नाही. वादिराज आणि सरोजाबाई दोनदा नारळ घेऊन आले होते. दोन्ही वेळा हे न्हाणीघरात कडी लावून बसले. गादीखालचं पान मी आज सकाळीच हरिप्रियाला दिलं. त्यात पंगतीत सगळे होते, फक्त झुरळरावांच्या पाटावर कुणी नव्हतं. ते मला बघवेना, म्हणून मीच त्यांना काढून बसवलं, अगदी भोपळोजींच्या शेजारी. मला चित्र येत नाही, त्यामुळे ते मिशीवाल्या खजुरासारखे झालेत. हरिप्रिया तर खूशच झाली. हे नवीन पात्र कुणाचं, म्हणून विचारत होती. मी सांगितलं, माझं.

अलकनंदा