काळी चारची अट

मी नाथाजी गुंडाजी पोळ, वय वर्षे एकावन्न, धंदा पायपेटी वाजवणे व दुरुस्त करणे, मूळ राहणार उंब्रज, तालुका कऱ्हाड, जिल्हा सातारा, हल्ली वस्ती कृष्णाकाठ संगीत मंडळीचे बिऱ्हाड, सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. मी नशापाणी केलेले नाही. डोके, डोळे, कान आणि हाताची दहाही बोटे शाबूत आहेत. कालच्या तालमीत नांदीपासून भैरवीपर्यंत सगळी पदे वाजवली, एकही सूर चुकला नाही. माणूस शुद्धीवर असल्याचा याहून चांगला दाखला डॉक्टरलाही देता यायचा नाही. येत्या सोमवारी मिरजेच्या दवाखान्यात माझ्या पोटातला खडा काढणार आहेत. भिण्यासारखे काही नाही म्हणतात. पण तसे असते तर घरच्या माणसाला बरोबर आणा, असे त्यांनी दोनदा बजावले नसते.

वकिलाने केलेला मसुदा मी परत केला. त्यात माझ्या पायपेटीबद्दल "वाद्य, नग एक" असे लिहिले होते.

कलम पहिले. मला मूलबाळ नाही. माझी लग्नाची बायको सुलाबाई ही मिरजेच्या गाणाऱ्या घरातली. लग्न नरसोबाच्या वाडीस देवासमोर झाले, भटजी होते, अक्षता होत्या. माझा थोरला भाऊ कृष्णात, पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेला, राहणार सातारा, हा मात्र आला नाही. "पोळांच्या घरात एक बाजेवाला झाला ते बास हाय, आता बाजेवालीबी आणतोय," असे तो चारचौघांत बोलला. हे वाक्य मी येथे मुद्दाम नोंदवतो. तो नाही म्हणेल, पण त्या वेळी गावचे पाटील तेथे बसले होते.

कलम दुसरे. पायपेटी माझी स्वकष्टार्जित आहे, कंपनीची नाही. मला कोणी गुरू नाही. उंब्रजच्या भजनातली मोडकी हातपेटी खोलून तिचा एकेक सूर मी कानाशी धरून शिकलो. पुढे ही पायपेटी एका बंद पडलेल्या मंडळीकडून भाता फाटलेल्या अवस्थेत घेतली आणि भात्याला स्वतः कातडे चढवले. ती माझ्या पश्चात उंब्रजच्या देवळात भजनाला द्यावी. नाटकात ती पुन्हा वाजू नये. कारण पुढील कलमात आहे. कानशी, पटाश्या व सरसाचे भांडे सुलाबाईने बांधून ठेवावे, कंपनीत कोणाला देऊ नये. मागे एकाने माझी बारीक कानस नेली आणि पायाच्या भेगा घासल्या.

कलम तिसरे. आमची मंडळी आज काही वर्षे 'संगीत मायामंजिरी' हे नाटक लावते. त्यात मंजिरी नावाची राणी शेजारच्या राजपुत्राला नादी लावून त्याच्याकडून किल्ला लिहून घेते, आणि तिचा म्हातारा नवरा बाजूला मंचकावर झोपलेला असतो. मंजिरीचे काम सुलाबाई करते. राजपुत्राचे काम आकाराम धुळा कोळेकर करतो. हा कवठे महांकाळकडचा, मेंढरांमागे हिंडता हिंडता गळा तयार झालेला. कंपनीत आला तेव्हा त्याला अक्षर येत नव्हते. ते मी शिकवले. त्याने पहिल्यांदा सही केली ती माझ्या टाकाने. दिसायला चांगला आहे. हे मी लिहिले नाही तर वाचणाऱ्याला पुढचे कळणार नाही, म्हणून लिहिले.

तिसऱ्या अंकात मंजिरी आणि राजपुत्र एका झोपाळ्यावर बसून द्वंद्वगीत गातात. लोकांना ते फार आवडते. वन्समोअर आला की पुन्हा सुरुवातीपासून वाजवावे लागते, म्हणजे त्या दोघांना मी माझ्या हाताने पुन्हा झोपाळ्यावर बसवायचे. साताऱ्याच्या पेन्शनर मंडळींना तर एका वन्समोअरने भागत नाही.

ज्यांना आमच्या धंद्यातले ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. पेटीवरच्या ज्या पट्टीला गाणारा आपला 'सा' धरतो ती त्याची पट्टी. सुलाबाईची पट्टी काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी, उंच आणि धारदार. आकारामची काळी एक, पुष्कळ खाली. बाप्ये लुगडे नेसून बायकांची कामे करीत तेव्हा हा पेच नव्हता, आता आहे. द्वंद्वगीत पहिल्यापासून काळी चारमध्ये होत असे आणि आकाराम कसाबसा वर ताणून घेई. दोन वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या खेळात सुलाबाई वरच्या सुरावर जाऊन उगीच अडकून राहिली आणि गाणे विस्कटले. मी तिच्याशी तीन दिवस बोललो नाही. नंतर सांगलीला तालीम लागली तेव्हा ती सगळ्यांसमोर मालकांना, म्हणजे भाऊसोंना म्हणाली, "गाणं काळी एकात घ्या."

भाऊसो म्हणाले, "बाई, तितं तुमचा आवाज बसंल का?"

"बसवीन."

मी म्हटले, काळी एक ही पट्टी बाईमाणसाची नव्हे, गाणे मातीत जाईल. तर मला म्हणाली, "तुमी निस्तं वाजवा."

ज्या बाईने संसारात माझ्यासाठी कधी अर्धा सूरही खाली घेतला नाही, ती आकारामसाठी इतके खाली उतरली. शिवाय त्याच्या घशाला खडीसाखर व काळे मिरे तिच्याच डब्यातून जातात. मला खोकला झाला की म्हणते, पेटीवाल्याला गळा कशाला हवा.

कलम चौथे. पट्टी उतरल्यानंतरचा पहिला खेळ साताऱ्यास झाला. तेथे आणखी एक गोष्ट मी पाहिली. सुलाबाईची तान चढू लागली की आकाराम डाव्या हाताने शेल्याचा पदर वर उचली. तान खाली येताच सोडी. हे तालमीत नव्हते, पुस्तकात नव्हते. मी रंगभूमीच्या पुढे खाली, उजव्या अंगाला बसतो, तिथून सगळे दिसते. तेव्हापासून दर खेळाला तो शेला वर जातो, आणि आकारामवर आधीपासूनच असलेली माझी नजर त्या शेल्यावरून हललेली नाही. नाटकातला नवरा झोपलेला असतो, मी जागा आहे. त्याच खेळात पेन्शनर मंडळींनी आकारामला चांदीचा पेला, सुलाबाईला पैठणी आणि मला नारळ दिला. तो मी फोडला नाही. वाळून आत खुळखुळतो आहे. तो नारळ बंधू कृष्णात यास द्यावा.

कलम पाचवे. उंब्रजच्या घरातला माझा निम्मा हिस्सा आणि पोस्टातली सगळी शिल्लक सुलाबाईची. अट एकच. माझ्या पश्चात तिने आकारामबरोबर ते द्वंद्वगीत गाऊ नये. गायली तर घराचा हिस्सा कृष्णातला जावा. तो तेथे म्हैस बांधील. बांधू दे.

अशी अट कोर्टात टिकणार नाही असे वकील म्हणाले. कोर्टात न टिको, सुलाबाईच्या कानात टिकली तरी पुरे.

कलम सहावे. साक्षीदार दोन. पहिले मालक भाऊसो. दुसरा आकाराम धुळा कोळेकर. ज्याने साक्ष घातली त्याने मृत्युपत्रातले काही घेऊ नये अशी आमच्याकडची रीत आहे. आकारामला माझ्या वस्तूंतले काही मिळू नये आणि वरचा मजकूर शेवटपर्यंत ऐकावा लागावा, या दोन्ही हेतूंनी त्याला नेमला आहे.

येथवरचा मजकूर आज दुपारी बिऱ्हाडात भाऊसो व आकाराम यांना मोठ्याने वाचून दाखवला. सुलाबाई दाराशी चहा घेऊन उभी होती. त्यानंतर जे बोलणे झाले त्यामुळे पुढील मजकूर लिहावा लागत आहे. वरचे काही खोडणार नाही. खाडाखोड केलेल्या कागदावर कोर्टाचा विश्वास नसतो, माझाही नाही. जेथे विरोध येईल तेथे पुढचे खरे धरावे.

वाचून झाल्यावर सुलाबाईने कपबश्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "झालं का ल्ह्यून? मग आता माझंबी एक कलम ल्ह्या. मी उतरले ती त्येच्यासाटनं न्हाई. काळी चारातला वरचा सूर तुमाला ऐकू येत न्हाई म्हून उतरले."

मी म्हटले, "कोण म्हणतो?"

"कऱ्हाडात मी वर जाऊन हुबी, आन् तुमी खालीच. वाट बघून बघून माझा दम सरला. लोक हसाय लागलं हुतं. तुमी मलाच रागं भरला."

मी भाऊसोंकडे पाहिले. ते उपरण्याची घडी घालीत बसले. एकदा घातलेली घडी मोडून पुन्हा घातली, तेव्हा समजलो की मालकांनाही ठाऊक होते.

"आणि शेला?" मी विचारले.

आकाराम खाली मान घालून म्हणाला, "त्यो तुमच्यासाटनंच हालतोय, मास्तर. पट्टी उतरूनबी तानंचं टोक तुमाला निसटतंय. बाई वर पोचल्या की उचलतो, उतरल्या की सोडतो. हात लय भरून येतो वन्समोअरला."

"मला खूण करायची तर मला सांगायची."

सुलाबाई म्हणाली, "सांगिटलं असतं तर तुमी पेटीला कुलूप घालून उंब्रज गाठलं असतं. आन् दुसऱ्या कुणाच्या हातात खूण दिली असती तर तुमी तिकडं बघितलंच नसतं. आवं, तुमची नजर त्येच्यावरनं हालत न्हाई ह्ये अख्ख्या कंपनीला ठावं हाय. म्हून खूण त्येच्याच हातात दिली."

मी हे मानले नाही. ऐकीव गोष्ट मी कधीच मानीत नाही. पायपेटीकडे पाठ करून खुर्चीत बसलो आणि तिला म्हटले, "काळी चार 'सा' धर आणि वरच्या सप्तकातला एकेक सूर वाजवत जा." खालचे सूर ऐकू आले. मग थांबले. मी म्हटले, "थांबलीस का? पुढचे वाजव."

ती म्हणाली, "वाजवून झालं."

तेव्हा खालीलप्रमाणे.

आरंभी 'कान शाबूत' असे लिहिले आहे. मृत्युपत्राला कानांची गरज नसल्याने त्या दोन शब्दांमुळे हा दस्त खोटा धरू नये.

उंब्रजच्या घराचा हिस्सा व पोस्टातली शिल्लक सुलाबाईस विनाअट. कृष्णातने तेथे म्हैस बांधू नये. नारळ त्याच्याकडेच जावा.

पायपेटी देवळात न देता सुलाबाईस द्यावी. माझ्या जागी कोण बसेल ते तिने ठरवावे. बसणारा कानाने तिखट असावा, आणि पन्नाशीच्या आतला नसावा.

आकारामविषयी. दोन वर्षे त्या दोघांत एक गुपित होते. ते माझ्याबद्दल होते, माझी अब्रू राखण्यासाठी होते, हे कबूल करतो. पण गुपित सांभाळायचे तर दोन माणसांना एकमेकांकडे बघावे लागते, आणि ते त्यांनी बघितले. खडीसाखरेचा खुलासाही अजून कोणी केलेला नाही. मी विचारले तर सुलाबाई म्हणाली, "त्येचा घसा बसला तर खेळ बंद, आन् खेळ बंद तर तुमी काय खाणार, सूर?" हे उत्तर नव्हे. म्हणून मी त्याला माफ केलेले नाही, आणि तो साक्षीदारच राहील.

शेवटचे. मी सोमवारनंतर परत आलो तर द्वंद्वगीत आहे तसेच काळी एकमध्ये चालू ठेवावे. शेलाही चालू ठेवावा. मी त्याच्याकडे बघत राहीन, कोणत्या कारणाने ते कोणी विचारू नये. परत आलो नाही, तर त्या दिवसापासून ते गीत काळी चारमध्येच व्हावे. सुलाबाई खाली उतरली ती माझ्यासाठी. माझ्यामागे तिने कोणासाठीही उतरू नये. आकारामने वर चढावे. चढता आले नाही तर त्या जागी त्याने शेला हलवीत उभे राहावे, ते त्याला चांगले जमते.

हे मी पूर्ण शुद्धीत लिहिले, पुन्हा वाचले, आणि खाली सही केली.

नाथाजी गुंडाजी पोळ

स्थळ सांगली. तारीख १६ नोव्हेंबर १९४५, शुक्रवार.

साक्षीदार पहिला: भाऊसो, मालक, कृष्णाकाठ संगीत मंडळी. लिहून देणाऱ्याने माझ्यासमक्ष सही केली.

साक्षीदार दुसरा: आकाराम धुळा कोळेकर. मास्तरांनी माझ्यासमक्ष सही केली. काळी चार मला झेपायची न्हाई. तवा मास्तरांनी दवाखान्यातनं माघारी यावं.

साक्षीदाराने सहीपलीकडे काही लिहू नये असे मी बजावले असताना वरील दोन वाक्ये लिहिली गेली आहेत. खाडाखोड नको म्हणून राहू दिली. अक्षर सुधारले आहे. ना. गुं. पोळ