फुकटची घरं

सोम., २ फेब्रु.
पाय गेले आज. चिंचोळीच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून टॉवेल तपासायचे. सुटलेला धागा, डाग, वाकडी किनार. परतीच्या बसमध्ये पुढच्या माणसाच्या शर्टातही दोष शोधत होते, इतकं डोकं आंबलेलं. घरी आले तर आत्याबाईंनी चहा टाकलेला. अशी सासू मिळायला नशीब लागतं, खरंच.
मग पाय भिंतीला लावून मोबाईलवर विकाऊ घरं बघितली. घ्यायचंय कुणाला! कोकणातलं एक, मागं विहीर, पडवी रिकामी. मनानंच तिथं जरा बसून आले.

बुध., ४
आज उटी. मधली भिंत पाडली, खिडकीखाली पलंग ओढला. पडदे लावलेच नाहीत, पुन्हा कापडच बघायचं ना! घर आवडलं की लाल बदामावर बोट ठेवते, म्हणजे पुन्हा सापडतं.
नवरोबा (प्र.) विचारतात, "काय एवढं बघतीस?"
काय सांगू? तिथं मला चूक शोधायची नसते, एवढंच सुख. ज्यानं हे ॲप काढलं त्याचं भलं होवो.

गुरु., ५
घोटाळा झाला.
जेवताना प्र.चा फोन वाजला. हात भाकरीत, म्हणून स्पीकरवर टाकला. घरांचा एजंट. "मॅडमनी बरीच घरं पसंत केलीत. सोलापुरातली पण दाखवतो की. छोटीच बघतायत ना, दोघांपुरती?"
बदाम दाबला की त्यांना कळतं म्हणे! आणि खातं माझ्या नावाचं, पण प्र.च्या नंबरावर. माझ्या ध्यानीमनी नाही.
आत्याबाई पिठलं वाढत होत्या. माझ्या ताटात वाढलं, भांडं ठेवलं, आत गेल्या. जेवल्या नाहीत.

शुक्र., ६
प्र.ला सगळं सांगितलं. आधी डोळे वटारले, मग हसत सुटला. "मला पटलं गं. आईला कोण पटवणार?"
आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. त्याला म्हणाल्या, "परवा वळसंगला जाती. धाकट्याकडं. तुमचं तुमी बगा."
संध्याकाळी आले तर चहा होताच, झाकून ठेवलेला. एवढ्या रागातही. मोरीत जाऊन रडले. त्या गेल्या तर या घरात माझी वाट कोण...

शनि., ७
घरं बघितली नाहीत दोन दिवस. धीर करून त्यांच्याजवळ जाऊन बसले. लुगडी पिशवीत भरत होत्या.
"आत्याबाई, मला वेगळं नाही राहायचं."
"मग घरं कशाला धुंडतीस?"
"दमते म्हणून."
"दमल्यावर मानूस निजतंय. घर बगत न्हाय."
आता हे तोंडानं कसं समजवायचं? फोनच पुढं केला. उटीचं घर. पलंग कुठं ओढला, भिंत कुठली पाडली, सगळं सांगितलं. त्या वाकून बघत होत्या.
"आन् ह्यात मला कुटं निजवतीस?"
पटकन एखादी खोली दाखवता आली असती. नाही दाखवली. म्हटलं, कुठंच नाही. तुमच्या लेकालाही नाही. मी एकटीच असते, तीही थोडा वेळ. मग घरी येते.
त्यांनी आणखी एक लुगडं पिशवीत कोंबलं. वाटलं, झालं, तुटलं.
"लगीन झाल्यापास्नं," म्हणाल्या, "एकटी म्हनून बसली न्हाय मी कुटं." मग चष्मा वर सरकवला. "मलाबी एक दाव की. एकटीचं."
इतकी वर्षं एका चुलीपाशी, आणि हे मला ठाऊक नव्हतं.
मग काय विचारता! एकाचा जिना वाईट, एकाला उजेड न्हाय, एकाच्या दारात गटार. माझ्याहून कडक तपासणी. शेवटी डोंगराखालचं एक पसंत पडलं. अंगणात बाज. त्यांनी स्वतःच बोटानं फोटो मोठा केला आणि बघत राहिल्या. चेहरा असा निवांत मी कधी बघितला नव्हता.
"मी येऊ का तिकडं?"
"दुपारच्याला ये, बस घटकाभर. मुक्कामाला नगं."
उद्या वळसंगला जाणार का, विचारलं नाही. पिशवी भरलेली तशीच आहे. फोन त्यांच्याच हातात ठेवून हळूच उठून आले.