तीन म्हटल्यावरच उचला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकसष्ट, गोदामात अठ्ठावीस वर्षे हमाली केलेला, कंबर कामातून गेलेली परंतु डोके ठिकाणावर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहत्या दोन्ही खोल्या पत्नीच्या. त्यांत कोणी वाटा मागू नये.

२. वॉकर व कमरेचा पट्टा दवाखान्याला द्यावा. पट्टा अजून धड आहे. तो रोज आवळून पत्नीच्या बोटांना मात्र घट्टे पडले आहेत.

३. माझा जोडीदार, ज्याला सारे गोदाम ताठ्या म्हणते, त्याच्याविषयी. आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो. आज तो साठीतही ताठ चालतो आणि मला मोजे घालायला माणूस लागतो. मी त्याच्यावर जळतो. रविवारी येऊन तो मला उचलून खुर्चीत बसवतो आणि पत्नी म्हणते, "भावजी, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं." तेव्हा जास्तच जळतो. मला चहा विचारताना तिचा आवाज असा नसतो.

माझ्यामागे त्याने या घरात पाऊल टाकू नये, असे इथे लिहिले होते. पत्नीने ते वाचले.

"अकरा वर्षं ऐकून घेतलंय त्यांनी. आता तरी खरं लिहा," ती म्हणाली. "मला काय ठाऊक नाही होय?"

ते वाक्य खोडले आहे.

४. तर खरे असे. जड नग उचलताना ताठ्या मोजायचा आणि 'तीन'ला दोघांनी एकदम उठायचे, ही आमची रीत. अकरा वर्षांपूर्वी माझी कंबर गेली त्या सकाळी त्याला मुकादम केल्याचे कळले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर लोखंडी तिजोरी होती. मीच दमदार हे दाखवायला मी 'दोन'लाच जोर लावला. सगळा भार माझ्यावर आला, मणका सरकला. ताठ्याने हात सोडला, असे मी चौकशीत सांगितले. त्याची मुकादमी गेली. तो एवढेच म्हणाला, "मोजताना माझंच चुकलं असेल." त्याच्या या चांगुलपणावरही मी जळतो.

५. कलम चार गोदामात सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. माझा ओझ्याचा चामडी पट्टा ताठ्याला द्यावा.

६. मला या जिन्यावरून खाली नेताना मोजणी ताठ्यानेच करावी. तो तीन म्हणेपर्यंत कोणी उचलू नये. मी थांबेन.

सही

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचा शिंपी (सही)
२. मालिशवाल्या बाई (सही)

ठिकाण: खिडकीजवळचा पलंग
दिनांक: चौदा मार्च, रविवार, ताठ्या यायच्या आधी