साठावरचा पोकळ गोल

इंदिरानगर, नाशिक
मे, दुसरा आठवडा

प्रिय सोमनाथ,

सलाम आणि रामराम, दोन्ही घे. तुझा गुडघा कसा आहे? तुझी भागीआई ऐकायचं मशीन कानात घालते की अजून पदराच्या गाठीतच ठेवते? इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त माझं डोकं फिरलंय. पत्र अशासाठी की फोनवर तू मध्येच "जाऊ दे रे" म्हणतोस, आणि मला हे अजिबात जाऊ द्यायचं नाही.

आमच्या बागेतल्या ज्येष्ठांच्या मंडळाने एक जूनला कॅरमच्या जोड्यांची स्पर्धा ठेवली आहे. मी तुला न विचारता आपल्या दोघांची नावं देऊन आलो. (विचारलं असतं तर तू गुडघा पुढे केला असतास. कॅरम काय गुडघ्याने खेळतात?) तुझी सिन्नरची कंपनी सुटल्यापासून तू घरात बसलायस, आणि दुकान पोराच्या हाती दिल्यापासून मी तिथे नुसता माश्या मारतो. म्हटलं, निदान एक दिवस लहानपणीसारखे समोरासमोर बसू. तर अट निघाली, वय साठच्या पुढे हवं. आता साठच्या पुढे म्हणजे कुठून, यावर बाकाबाकावर भांडणं लागली. तेव्हा मंडळाच्या चिटणीस उज्वलाबाई (जन्मभर गणित शिकवलं, अजून सुटलं नाही) फळा घेऊन आल्या. त्यांनी एक आडवी संख्यारेषा काढली, आकडे टाकले, साठावर गोल काढून तो पोकळ ठेवला आणि तिथून उजवीकडे लांबलचक बाण मारला. गोल भरीव असता तर साठ धरले असते, पोकळ आहे म्हणजे साठ वगळून पुढचे सगळे. हे आम्हाला, पांढऱ्या केसांच्या माणसांना, सातवीच्या वर्गासारखं दोनदा म्हणायला लावलं.

आता तुझ्या ध्यानात आलं असेल. आपल्याला एकाच दिवशी शाळेत घातलं आणि गुरुजींनी सगळ्या गावाला लावली तीच तारीख आपल्यालाही लावली, एक जून. म्हणजे स्पर्धेच्या दिवशी आपण दोघं कागदावर बरोब्बर साठ. त्या गोलाच्या मधोमध, जिथे बाईंच्या मते कोणीच नाही. मी विचारलं, साठच्या किती पुढे गेलेलं चालतं? तर म्हणाल्या, कितीही थोडं चालेल. मग दुसऱ्या दिवशी आलो तर? तर तुम्ही अटीत बसता. मग मी दुसऱ्या दिवशी येऊन खेळतो. तर दुसऱ्या दिवशी स्पर्धा नाही. सोमनाथ, माझ्या हातात तेव्हा कात्री नव्हती हे बाईंचं नशीब. मी हयातभर मापं घेतली. छाती छत्तीस लिहिली की छत्तीस त्यात मावते. छत्तीस सोडून पुढचं सगळं, असा सदरा आजवर कोणी शिवला नाही.

खिशात मापाचा खडू असतोच. मी उठलो आणि तो गोल भरून टाकला. बाईंनी रुमालाचं टोक ओलं करून आतला खडू पुसला, कड तशीच ठेवून (हात मात्र सफाईदार आहे, खोटं कशाला बोलू). मी परत भरला. त्यांनी परत पुसला. हास्यक्लबवाले हसायचं सोडून आमच्याकडे बघत बसले. शेवटी बाई म्हणाल्या, जमीलभाई, गोल भरून वय वाढत नाही. मग मीही सुनावलं की ती तारीखच खोटी आहे. पोराला पुढे नोकरीत फायदा व्हावा म्हणून गुरुजी वय कमी लावायचे, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. माझा जन्म त्याआधीचाच असणार, आणि भागीआईने दोघांनाही न्हाऊमाखू घातलंय, तिला विचारा. बाई म्हणाल्या, आईंची साक्ष मी मानीन. तेव्हा आईचं म्हणणं विचारून मला ताबडतोब कळव. हा अन्याय मी सहन करणार नाही.

तुझा, आणि कागदावर तुझ्याच वयाचा,
जमील

ता.क. दम धरवला नाही, म्हणून पाकीट बंद करायच्या आधी बागेतूनच आईला फोन लावला, मुद्दाम स्पीकरवर, बाईंच्या समोर. आई नेहमीसारखी गाव गोळा होईल एवढ्या मोठ्याने बोलली. तू कागदावरच्या सालातल्याच चैत्रातला. मी त्याच साली तुझ्यामागून, दिवाळी उलटल्यावरचा. म्हणे, "गुरुजी तुला घेत नव्हते रे, लय बारका होतास. पण आमचा सोम्या तुझ्याबिगर वर्गात जाईना, पायरीवर लोळून रडला. मग लावली तुला बी एक जून." म्हणजे मी गोलात नाहीच. तू बाणावर, आणि मी बाणाच्या पाठीमागे, अजून साठचाही नाही. आणि तिथून मला साठाला नेऊन चिकटवलं ते तू.

ता.क. २. बाईंचा कॅरमचा जोडीदार गावाला गेलाय. त्यांनी लगेच फळ्यावरच्या बाणाखाली तुझं नाव लिहिलं आणि तुला कळवायला मलाच सांगितलं. कळवलं. आता माझं ऐक. एक जूनला सकाळच्या एसटीने ये, डबा माझ्याकडे. पण त्यांच्याबरोबर खेळायला बसलास तर आपली दोस्ती संपली. मला बाहेरच्या बाकावर एकट्याला बसवत नाही रे.